व्हिक्टोरिया पूल: बिडाची कमान आणि आगगाडी

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडमध्ये अर्ली गावाच्या दक्षिणेला सेव्हर्न नदीवर व्हिक्टोरिया पूल नावाचा आगगाडीचा एक जुना पूल आहे. नदीच्या पात्रात एकही खांब न उभारता २०० फुटांचे अंतर तो एकाच कमानीत पार करतो, आणि ही कमान बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची आहे. तिच्या माथ्यावर ठळक ओतीव अक्षरांत पुलाचे नाव, १८६१ हे वर्ष, अभियंता जॉन फाउलर आणि ठेकेदार ब्रॅसी आणि कंपनी अशी नोंद वाचता येते.

बिडाचा तवा वर्षानुवर्षे चुलीवर टिकतो, पण हातातून निसटून फरशीवर आपटला की तडकतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बिडात कार्बनचे प्रमाण जास्त असल्यामुळे ते दाब उत्तम सोसते, पण ताण मात्र फारसा सोसत नाही, आणि तुटताना वाकून इशाराही देत नाही. सरळ तुळईवर भार आला की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. बिडाचा घात होतो तो नेमका या खालच्या बाजूला.

याची किंमत २४ मे १८४७ रोजी इंग्लंडमधल्याच चेस्टर येथे मोजावी लागली. डी नदीवर अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांनी बिडाच्या लांब तुळयांचा पूल बांधला होता आणि घडीव लोखंडाच्या पट्ट्यांनी त्या तुळयांना बळकटी दिली होती. इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी लाकडी तक्तपोशी पेटू नये म्हणून त्याच दिवशी पुलावर खडीचा थर घातला गेला आणि पुलावरचा बोजा आणखी वाढला. संध्याकाळी गाडी जात असताना तुळई तुटली. इंजिन कसेबसे पलीकडे पोहोचले, मात्र मागचे डबे नदीत कोसळले आणि पाच जणांचा बळी गेला. रेल्वेच्या बांधकामांत लोखंड कसे वापरावे, याच्या चौकशीसाठी त्यानंतर राजआयोग, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, नेमण्यात आला.

मग अवघ्या चौदा वर्षांनी फाउलर यांनी पुन्हा बीडच का वापरले? उत्तर आकारात आहे. कमानीवरचा भार मुख्यतः दाबाच्या रूपाने दोन्ही काठांवरच्या दगडी आधारांकडे जातो, आणि बिडाला हेच मानवते. व्हिक्टोरिया पुलाची ती एक कमान म्हणजे खरे तर काठापासून काठापर्यंत जाणाऱ्या अशा चार कमानी शेजारी-शेजारी आहेत. प्रत्येक कमान नऊ तुकड्यांची असून ते तुकडे बोल्टांनी जोडलेले आहेत. हे ओतकाम सेव्हर्नच्याच खोऱ्यातल्या कोलब्रूकडेल कंपनीचे. बिडाचा जगातला पहिला मोठा पूल, १७७९ मध्ये पुरा झालेला आयर्न ब्रिज, याच नदीवर आणि याच परिसरातल्या ओतशाळांच्या बळावर उभा राहिला होता.

फाउलर यांना बिडाचे प्रेम होते असे मात्र मला वाटत नाही. त्याच्या मर्यादा ते पुरत्या ओळखून होते. १ मे १८९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला नॉरवुड जंक्शनजवळ गाडीखालची बिडाची तुळई तुटली. ओतताना तिच्या आत राहिलेला दोष बाहेरून दिसण्याजोगा नव्हता. त्या वेळी त्या रेल्वे कंपनीने फाउलर यांचाच सल्ला घेतला, आणि त्यांनी तशा तुळयांचे पूल बदलण्याची शिफारस केली. त्याच्या आदल्याच वर्षी स्कॉटलंडमधला फोर्थ पूल त्यांनी अभियंता बेंजामिन बेकर यांच्यासह पोलादात पुरा केला होता.

व्हिक्टोरिया पुलाचा जुळा भाऊ म्हणावा असा अल्बर्ट एडवर्ड पूल नदीच्या वरच्या अंगाला, कोलब्रूकडेलपाशी आहे. १८६४ मध्ये खुला झालेल्या या पुलावरून पुढे आयर्नब्रिज गावाजवळच्या वीजकेंद्राचा कोळसा जात असे. २०१५ मध्ये ते केंद्र बंद पडले आणि ती वाहतूकही थांबली. व्हिक्टोरिया पुलाचे नशीब त्या मानाने बरे म्हणायचे. १९८० च्या सुमारास कमानींवरचा मार्गाचा भाग नव्याने बांधून काढण्यात आला, खालच्या बिडाच्या कमानी मात्र जुन्याच राहिल्या, आणि प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालणाऱ्या सेव्हर्न व्हॅली रेल्वेची वाफेची इंजिने आजही त्यांच्यावरून डबे ओढत नेतात.