अनोळखी नदीत बोट घालण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

होळी आटोपली की मला फोन यायला लागतात. नागपूर-अमरावतीकडची हौशी गळवाली पोरं असतात. "भाऊ, वैनगंगेत बोट घालून मासे धरत धरत खाली जायचं आहे. कुठून उतरू, कुठं निघू?" त्यात आता फ्लाय फिशिंगचं वेड आलं आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची. या माशीला वजनच नसतं, म्हणून जड असते ती दोरी. काठीनं फेकायची ती दोरीच, माशी नुसती तिच्यामागं जाते. गांडूळ लावून काठावर बसणाऱ्या आपल्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. वाटू द्या.

गडबड पुढं आहे. ही पोरं बेत करतात ते अमेरिकेतले व्हिडिओ पाहून. तिकडं डोंगरातल्या नदीला वसंतात बर्फ वितळून पूर येतो, पाणी गढूळ होतं. सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं आहे हे आकडे पाहून मगच लोक बोट घालतात, आणि पाणी फार वाढलं की घरी बसतात. आपलं नेमकं उलटं. आपली नदी वसंतात आटते. फाल्गुनापासून पाणी निवळत जातं, धार बारीक होते आणि नदीचे तुकडे पडतात. एक डोह, मग रेती, मग गुडघाभर धार, मग पुन्हा डोह. मासा डोहात राहतो आणि बोट रेतीत अडकते.

माझ्या पहिल्या फेरीत मी हेच विसरलो. फोनवर नकाशा पाहिला, 16 किलोमीटर दिसले. म्हटलं, सकाळी निघू, दुपारच्या जेवणाला घरी. हवेची बोट, दोघं जण, डब्यात भाकरी आणि झुणका. दुपारी दोन वाजेपर्यंत आम्ही बोटीत कमी बसलो आणि तिला दोरीनं ओढत जास्त चाललो. चैत्रातली रेती, पायात रबरी चप्पल. ती रेती कशी भाजते ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. साळा गाडी घेऊन बोट बाहेर काढायच्या घाटावर संध्याकाळपर्यंत थांबला आणि शेवटी गावात जाऊन पोलीस पाटलाला उठवून आला. चूक सगळी माझी होती. तेव्हापासून मी किलोमीटर मोजत नाही, डोह मोजतो. दोन डोहांच्या मधे बोट उचलून न्यावी लागेल का, एवढंच विचारतो.

हे विचारायचं कोणाला? काठावरच्या ढिवराला, म्हणजे पिढीजात मासेमाराला. त्याच्या बापजाद्यांनी या पाण्यात डोंगा चालवला आहे. पण घाटावर जाऊन एकदम "मासे कुठं आहेत?" म्हणाल तर तो तुम्हाला उलटीच दिशा दाखवेल, आणि बरोबरच करेल. त्याचं पोट त्यावर आहे. आधी बसा, चहा घ्या, जाळं विणत असेल तर बघत राहा. मग विचारा, की यंदा रेती कुठं उपसली? ही बाब फार महत्त्वाची. रेती उपसलेल्या जागी घोटाभर पाण्यातून एकदम डोक्यावर पाणी जातं आणि वरून काहीच दिसत नाही. लाईफ जॅकेट घालायचं ते या खड्ड्यांसाठी. जाळी रात्री कुठं लागतात तेही विचारून घ्या. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा. तुमची दोरी त्यात गुंतली तर तुमची दोरी कापा, त्याचं जाळं नाही.

तलाव आणि धरणांवर बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो, तिथं परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकू नका. तोतलाडोहसारखं पाणी तर पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथं मासेमारीला बंदीच आहे. आणि कुठल्या डोहात कोणी करंट लावून किंवा विष टाकून मासे मारत असेल तर तिथं थांबूच नका. विष आणि सुरुंग 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी चालतंच. अशा डोहात वर्षभर काही मिळत नाही.

आता जागा. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात जाऊ नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमधे आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, तिथं जलपर्णीत बोटही अडकते आणि माशीही. धरणाखाली पवनीपासून पुढची नदी पाहा, किंवा त्याहून खाली वडसा ते आरमोरीचा पट्टा. पहिल्यांदा जाणाऱ्यानं दोन पुलांच्या मधलाच तुकडा घ्यावा, म्हणजे गाडी लावायची पंचाईत नाही आणि हरलो तरी पूल दिसतो. पण धरणाखालच्या नदीचा एक स्वभाव लक्षात ठेवा. वर दार उघडलं की भर उन्हाळ्यातही पाणी चढतं. मुक्काम करायचाच तर तंबू पाण्यालगतच्या रेतीवर नको, वरच्या थडीवर टाका. झोपताना पाण्याच्या काठी एक काडी रोवा. रात्री लघवीला उठलात की टॉर्च मारून काडी बघा.

आणखी एक. ब्रह्मपुरी-आरमोरीकडच्या जंगलात वाघ आहे, आणि तोही पाण्यावर येतो. मार्च-एप्रिलमधे पहाटे बाया मोह वेचायला निघतात, तेव्हाच तुम्हीही निघालेले असता. झुडपातून एकट्यानं घाटावर उतरू नका, बोलत, आवाज करत जा.

मासे धरायची वेळ सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत, मग उन्ह कलल्यावर. उथळ धार जिथं डोहात उतरते, त्या उताराच्या कडेला माशी टाका. मरळ हवी असेल तर काठच्या गवताजवळ बेडकासारखी पिसांची माशी ओढा, ती वरूनच झडप घालते. मात्र पाण्यावर बारक्या पिलांचा तांबूस थवा दिसला तर खाली मायबाप राखणीला असतात. ती मरळ सोडून द्या. गळाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच चेपून ठेवला तर सोडणं सोपं जातं.

मागच्या वर्षी आरमोरीखाली एका म्हाताऱ्या ढिवरानं माझी माशी हातात घेतली. कोंबडीचं पीस, मोराचा एक धागा, लाल दोरा. उलटून पालटून पाहिली आणि म्हणाला, "हे खाईन कोन बा? येच्यात तं काईच नाई." मी म्हटलं, बघू. सकाळी नऊपर्यंत मला काहीच मिळालं नाही. त्यानं गांडूळ लावून तीन शिंगटी काढल्या, एक माझ्या बोटीत टाकली आणि म्हणाला, "चाल, चूल पेटव."