ओळखीच्या शहरात आई-वडिलांचे आठ दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्यातली बहुतेक घरे आता दोन ठिकाणी विभागलेली आहेत. शेत, बैठक आणि आई-वडील गावात असतात, तर मुलगा, सून आणि नातवंडे छत्रपती संभाजीनगरात किंवा लातूर-नांदेडला. सुगी संपल्यावर किंवा दवाखान्याच्या निमित्ताने आई-वडील आठ-पंधरा दिवसांसाठी मुलाकडे येतात, पहिले दोन दिवस आनंदात जातात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता वडील म्हणतात, "आम्हाला इथे करमत नाही, उद्या गाडीत बसवून दे." आज मी बोलणार आहे ते या तिसऱ्या दिवसाविषयी.

माझे आई-वडील परभणी जिल्ह्यात मानवत तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो आणि आईला माय. मी गेली अनेक वर्षे छत्रपती संभाजीनगरात राहत असल्यामुळे हे शहर त्यांना नवीन नाही. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी हौसेने भाड्याची गाडी केली आणि देवगिरी किल्ला, वेरूळ, घृष्णेश्वर आणि परतीच्या वाटेवर बीबी का मकबरा असे सगळे एकाच दिवसात उरकले. संध्याकाळी मायचे गुडघे सुजले होते, आणि अण्णांनी जेवताना एकच प्रश्न विचारला, "गाडीवाल्याने किती घेतले?" मी आकडा सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या रकमेत सोयाबीनच्या बियाण्याच्या किती पिशव्या आल्या असत्या, याचा हिशोब ते मनात करत असावेत, असे मला आजही वाटते.

त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. आई-वडिलांसाठी कमी खर्चाचे बेत आखावेत असे मी म्हणतो, ते आपले पैसे वाचावेत म्हणून नव्हे. मुलाचा खर्च होताना पाहिला की त्यांच्या तोंडची चव जाते आणि चार पैशांत झालेली गोष्ट ते गावात जाऊन महिनाभर सांगतात, म्हणून. दुसरे असे की, प्रेक्षणीय स्थळे एकदा पाहून झाली की त्यांच्या दृष्टीने तो विषय संपतो. पुढच्या खेपेला त्यांना हवे असते ते गावात रोज जे असते तेच, म्हणजे जायला एखादे ठिकाण, करायला काही काम आणि बोलायला माणूस.

अण्णांच्या बाबतीत ते ठिकाण मला योगायोगानेच सापडले. एका पहाटे घरात कुणाला झोप येत नव्हती, म्हणून मी त्यांना स्कूटरवर बसवून जाधववाडीच्या बाजार समितीत नेले. भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला होता, हमाल टोमॅटोचे कॅरेट उतरवत होते, आडते भाव पुकारत होते, आणि मकबऱ्यासमोर पंधरा मिनिटांत कंटाळलेले माझे वडील तिथे तब्बल दोन तास उभे होते. त्यांनी काहीही विकत घेतले नाही. मेथीची जुडी कितीला गेली, कोणत्या तालुक्याचा माल आहे, आडत किती कापतात, तुरीला काय लागले, एवढेच ते विचारत राहिले. कन्नडहून आलेल्या एका शेतकऱ्याने त्यांना चहा पाजला आणि अण्णांनी त्याला गावाकडे यायचे रीतसर आमंत्रणही देऊन टाकले. आता ते आले की आठवड्यातून दोनदा ही फेरी ठरलेली असते. येताना आम्ही घरापुरती भाजी आणतो, ती पाहून माय भाव विचारते आणि अण्णा मोठ्या अधिकाराने सांगतात.

दुसरे असे ठिकाण म्हणजे दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बाग. ही मुघलकालीन बाग आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आहे आणि तिथे फळ संशोधन केंद्र चालते. शहरातले लोक तिथे सकाळी फिरायला येतात. जुन्या झाडांची दाट सावली आहे, पायाखाली माती आहे आणि गाड्यांचा आवाज दूर राहतो. अण्णा परभणी जिल्ह्यातले असल्यामुळे 'हे आपल्याच विद्यापीठाचे' असा त्यांचा भाव असतो आणि ते आंब्याच्या कलमांविषयी तिथल्या माणसांशी अशा थाटात बोलतात, की जणू ते तपासणीसाठीच आले आहेत. समोरच सलीम अली सरोवर आहे. हिवाळ्यात सकाळच्या वेळी काठावरून पाणपक्षी दिसतात, पण चिखलातला बगळा पाहायला शहरात कशाला यायचे, असा मायचा रोकडा प्रश्न असल्यामुळे आम्ही तिथे फार वेळ थांबत नाही.

मायचे ठिकाण वेगळे निघाले. तिला मी दुसऱ्यांदा पाणचक्कीवर नेले तेव्हा मुद्दाम बाकीचे काहीच ठरवले नव्हते. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी कित्येक किलोमीटर आणायचे, उंचावर चढवून हौदात सोडायचे आणि त्या पाण्याच्या जोराने खालचे पाते फिरवून वरचे जाते चालवायचे, अशी ही १८ व्या शतकातली योजना. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांच्या आणि वाटसरूंच्या भाकरीचे पीठ इथे दळले जात असे. पहिल्या खेपेला गाइडने हेच सगळे भराभर सांगितले होते आणि आम्ही पुढे गेलो होतो. या वेळी माय जात्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "याला खुंटा नाही." मग ती हौदाच्या कठड्यावर बसली आणि लग्न होऊन आली तेव्हा पहाटे किती पायल्या दळाव्या लागत, सासूबाई जात्याला टाकी कधी लावून घेत, गावात पहिली गिरणी आली तेव्हा तिथे बायकांची रांग कशी लागे, हे ती तासभर सांगत राहिली. मी चाळिशी ओलांडलेला तिचा मुलगा, पण यातले निम्मे मला माहीत नव्हते.

तात्पर्य असे, की पाहिलेले ठिकाण पुन्हा दाखवायला हरकत नाही. फक्त त्या दिवशी तेवढे एकच ठिकाण असावे, बसायला जागा असावी आणि आपण घड्याळ पाहू नये. तिकीट लागणाऱ्या जागांबद्दल एक उपयोगी माहिती देतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या स्मारकांत १८ एप्रिलला, म्हणजे जागतिक वारसा दिनी, प्रवेश मोफत असतो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, हे ध्यानात न ठेवता निघालेले पाहुणे मी फाटकावरून परत येताना पाहिले आहेत. विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबादची लेणी सुंदर आहेत, पण पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर तो नाद सोडावा.

आता प्रवासाचे. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट लागते, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड खिशात असले की झाले. अण्णांनी पंच्याहत्तरी ओलांडली तेव्हापासून वाहकाने दिलेले शून्य रुपयांचे तिकीट ते जपून पाकिटात ठेवतात. "सरकारने आम्हाला फुकट बसवले," हे वाक्य ते ज्या ऐटीत म्हणतात, ती ऐट कुठल्याही भाड्याच्या गाडीत त्यांना आली नसती.

याच तिकिटावर आम्ही पैठणला गेलो. मध्यवर्ती बसस्थानकावरून सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता आहे. एकनाथ महाराजांचा वाडा पाहिला, श्रीखंड्याने पाणी भरल्याची कथा ज्या रांजणाविषयी सांगतात त्या रांजणासमोर मायने हात जोडले, गोदेकाठच्या समाधी मंदिरात आम्ही बराच वेळ टेकलो आणि घरून नेलेली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच सावलीत खाल्ली. नाथषष्ठीची गर्दी टाळून गेल्यामुळे सगळे निवांत झाले.

खरा प्रसंग मात्र पुढे होता. आमच्या शेताला पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी येते. ऑक्टोबर १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली तेव्हा अण्णा शाळकरी वयाचे होते आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले तेव्हा त्यांच्या खांद्यावर संसार होता. पाण्याची पाळी कधी सुटणार, पाणी शेवटच्या चारीपर्यंत येणार की नाही, वरचे लोक दारे धरतील काय, याच काळजीत त्यांच्या आयुष्यातले कितीतरी रब्बी हंगाम गेले, पण ते पाणी निघते कुठून, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. सुमारे १० किलोमीटर लांबीची मातीची भिंत, तिचे २७ दरवाजे आणि मागे पसरलेला नाथसागर जलाशय दुरूनच पाहून झाल्यावर आम्ही कालव्यावरच्या एका पुलावर आलो. हा कालवा पुढे २०८ किलोमीटर जातो, असे मी त्यांना सांगितले. ते कठड्याला धरून खाली वाहणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "इथे तर बरेच आहे. मग आपल्याकडे येईपर्यंत जाते कुठे?" या प्रश्नाचे उत्तर पाटबंधारे खात्यातल्या जाणकारांनी द्यावे. मी त्यांना चहा घ्यायला नेले आणि चहाचे पैसे त्यांना देऊ दिले.

हे पैसे देऊ देणे मला फार महत्त्वाचे वाटते. जन्मभर घर चालवलेल्या माणसाला मुलाच्या शहरात आठ दिवस खिशात हात घालू न देणे, हा आदर नसून एक प्रकारचा अपमान आहे. नातवाला बर्फगोळा घेऊन द्यायचा असेल, देवळात नारळ फोडायचा असेल, तर तो त्यांच्या पैशांतून होऊ द्यावा.

काही दिवस घराबाहेर न पडताही चांगले जातात. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणे शहाणपणाचे नसतेच. मायच्या हाती गच्ची दिली की कुरडया, सांडगे, पापड यांत तिचे चार दिवस निघतात आणि शेजारच्या दोन सुना शिकायला येऊन बसतात. "आई, तुम्ही आराम करा," असे म्हणून तिच्या हातातले काम काढून घेणाऱ्या सुनेचा हेतू कितीही चांगला असला, तरी रिकाम्या हातांनी खुर्चीवर बसणे हा मायच्या पिढीला आराम वाटत नाही, ती शिक्षा वाटते. अण्णांकडे नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडण्याचे काम आहे आणि त्या वेळेच्या अर्धा तास आधीच ते चपला घालून दारात उभे असतात.

दुपारच्या चहानंतर आम्ही मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करून तो पाटावर ठेवतो. अण्णांचा जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनच्या सालचा, म्हणजे १९४८ चा, त्यामुळे रझाकारीच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेल्या आहेत. १९७२ चा दुष्काळ मात्र दोघांनी अंगावर काढला. दुष्काळी कामावर खडी फोडणे, मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, लेकरांना मिळणारी सुकडी आणि आठवड्याच्या पगाराची वाट पाहणे, हे सांगताना दोघे एकमेकांच्या चुका दुरुस्त करतात, कधी त्यावरून भांडतात आणि ते भांडणही नोंदवले जाते. प्रश्न मोघम विचारू नयेत, हे मी अनुभवाने शिकलो. 'तुमच्या लहानपणाविषयी सांगा' म्हटले की ते गप्प बसतात. 'बैल कितीला विकले होते' असे विचारले की संध्याकाळ होते.

संध्याकाळी सर्वांत सोपा बेत म्हणजे गाववाल्यांकडे जाणे. प्रत्येक गावाची पाच-दहा घरे या शहरात असतातच. आमच्या गावची मुले वाळूजच्या कारखान्यांत आहेत, एकाचे सिडकोत किराणा दुकान आहे, एक मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे. त्यांच्याकडे पाव किलो पेढे घेऊन गेले की दोन तासांत गावातली सगळी सोयरीक, वाटणी आणि बांधाची भांडणे चर्चेला येतात. परतताना भडकल दरवाजाखालून रिक्षा जाते, तेव्हा १६१२ च्या सुमारास मलिक अंबरने तो बांधला हे मी सांगतो, आणि मागच्या सीटवर मात्र कुणाच्या तरी मुलीच्या स्थळाची चर्चा चालू असते. कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात हरिपाठ असतो. तिथे मायला पहिल्या दिवशी कोपऱ्यात जागा मिळाली होती, आता तिच्या हातात टाळ असतो.

आता माझे आई-वडील बारा दिवस राहतात. तेरावा दिवस कधी उजाडला नाही, कारण वावर वाट पाहत असते आणि म्हैस शेजाऱ्यांकडे फार दिवस ठेवता येत नाही. रेल्वे स्थानकावर त्यांना मानवत रोडच्या गाडीत बसवून मी परत येतो. नंतरचे फोन साधारण तब्येतीचे असतात, पण या पावसाळ्यात अण्णांचा एक फोन सकाळी सहालाच आला. मी घाबरून उचलला, तर पलीकडून विचारणा झाली, "नाथसागर किती भरला? दरवाजे उघडले का? आपण उभे होतो त्या पुलाखाली पाणी किती आहे, ते एकदा जाऊन बघून ये."

मी रविवारी जाणार आहे. नमस्कार.