अठरा पूर्ण झाल्यावर कुणाकडे जायचं?

(आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघ आणि महिला मंडळाच्या एकत्र कार्यक्रमातलं बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, जरा नीट केलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मागेपर्यंत ऐकू येतंय ना? ओके.

मला विषय दिलाय गरजू कुटुंबं आणि तरुण मुलामुलींसाठी आपल्या पातळीवर काय मदत होऊ शकते. विषय एवढा मोठा आहे की सगळं बोलायला गेले तर तासभर नुसती योजनांची नावं वाचून दाखवेन आणि तुम्ही घरी जाऊन एकही लक्षात ठेवणार नाही. म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेतलाय. बालगृहात वाढलेली मुलं, किंवा वडील गेलेत, आई एकटी आहे, नाहीतर आजीच सांभाळतेय अशा घरातली मुलं, यांना अठरा पूर्ण झाली की पुढे काय होतं एवढंच.

तुमच्या घरातलं पोरगं अठरा वर्षांचं झालं त्या दिवशी तुम्ही काय केलंत आठवा. फार तर केक, मग लायसन्सचा हट्ट. त्याचं जेवण बंद झालं नाही, खोली काढून घेतली नाही, उलट पुढची सात-आठ वर्षं फी भरलीत, पहिल्या नोकरीच्या गावी जाऊन खोली बघून आलात, गादी घेऊन दिलीत आणि अजूनही तो फोन करून विचारतो की फॉर्म सोळा म्हणजे काय. बालगृहातल्या मुलाला मात्र कायद्याने अठरा म्हणजे सज्ञान, म्हणजे बालगृह सोडायचं. आणि हा वाढदिवस बहुतेकांचा बारावीत नाहीतर कॉलेजच्या पहिल्या वर्षात येतो, म्हणजे अगदी नको त्या वेळी.

आता सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं चूक आहे, मला ते आवडतही नाही, कारण मग आपण सगळे हात झटकून मोकळे होतो. २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, त्यात कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना अठरानंतर आर्थिक मदत देण्याची सोय आहे. केंद्राचे २०१६ चे नियम तर फारच समजूतदारपणे लिहिलेत. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती सोय, शिक्षण किंवा ट्रेनिंग चालू असेपर्यंत स्टायपेंड, संपर्कात राहणारा समुपदेशक, धंदा टाकायचा तर कर्जाला मदत, हे सगळं त्यात आहे. वयाची मर्यादा २१ पर्यंत, अपवाद म्हणून २३. आणि मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार हवा असंही लिहिलंय. पैशाचं म्हणाल तर मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये महिन्याला ४००० रुपये धरलेत. आपल्याकडे मुलग्यांसाठी अनुरक्षणगृहं, म्हणजे अठरानंतर राहायची ठिकाणं, आहेत. अनाथ प्रमाणपत्र आहे, ते महिला व बाल विकास खातं देतं, आणि त्यावर शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण २०१८ पासून मिळायला लागलं. कोविडमध्ये आईवडील दोन्ही गेले त्या मुलांसाठी पीएम केअर्समधून वयाच्या तेविसाव्या वर्षी १० लाख मिळायची तरतूद आहे.

मग अडतं कुठे? तेच सांगायला आलेय.

एक मुलगी. नाव नाही सांगत. बारावी झालेली, नर्सिंगच्या एका कोर्सला लागलेली, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. तिला मदत मंजूर झाली होती, ऑर्डर हातात होती, आणि पैसे जमा होत होते अशा खात्यात जे खातं बंद अवस्थेत होतं. का, तर खातं उघडलं तेव्हा ती अल्पवयीन होती, अठरा झाल्यावर नवीन सही, नवीन फोटो, परत केवायसी, हे केल्याशिवाय बँक व्यवहार करू देत नाही. बरोबरच आहे बँकेचं, नियमच तसा आहे. केवायसीला आधार. आधारवर पत्ता बालगृहाचा, जिथे ती आता राहत नाही. आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर आधीच्या अधीक्षिका बाईंचा, ज्यांची बदली झालेली. म्हणजे ओटीपी जाणार दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बाईंच्या फोनवर, ज्या तेव्हा मीटिंगमध्ये असणार. बँकेतला माणूस म्हणाला पालकांना घेऊन या. तिने सांगितलं पालक नाहीत. तो म्हणाला मग ज्यांच्या नावावर घर आहे त्यांना आणा. ती परत गेलीच नाही. कोणी रागावलं नव्हतं तिच्यावर, कोणी वाईट बोललं नव्हतं, पण आपल्याला काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं ना काउंटरवर, तसं तिला वाटलं आणि ती महिनोन्‌महिने गेलीच नाही.

हे सुटलं कसं तर आमच्या ग्रुपमधल्या एक निवृत्त पोस्ट खात्यातल्या मावशी तिच्याबरोबर गेल्या. बस. आधार केंद्रात मोबाईल नंबर बदलायला कागद लागत नाही, माणूस स्वतः लागतो, बोटं आणि डोळे, आणि थोडी फी. पत्त्यासाठी मान्यताप्राप्त बालगृहाच्या प्रमुखांचं ठरलेल्या नमुन्यातलं पत्र चालतं, हे मावशींना माहीत होतं कारण आयुष्यभर त्यांनी असलेच नमुने हाताळलेत. मग बँक. मावशी काउंटरवर काही फार बोलल्या नाहीत, नुसत्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, आणि काय जादू झाली माहीत नाही पण पालकांना आणा हे वाक्य परत कोणी उच्चारलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. योजना आहे, पैसा कमी असेल पण आहे, ऑफिस आहे. नाही तो ठरलेला माणूस. आणि ठरलेला माणूस सरकार देऊ शकत नाही, कारण जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षातल्या कर्मचाऱ्याकडे केवढ्या फायली असतात ते एकदा जाऊन बघा, त्याची बदली होते, बऱ्याच जणांची नोकरी कंत्राटी असते. तो माणूस गल्लीतूनच यायला हवा.

आणि हे आपल्याला नवीन नाही हो. तुमच्यातल्या काहींच्या आजोबांनी वार लावून शिक्षण केलं असेल. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं, तिथली मुलं माधुकरी मागून शिकली. मला त्यातली गंमत वाटते ती ही, की वार म्हणजे घर ठरलेलं आणि दिवस ठरलेला. त्या मुलाला रोज नव्याने कुणाच्या दारात उभं राहून आपली कहाणी सांगावी लागत नव्हती. अर्थात त्याचं फार कौतुक करायला नको, कारण ती दारं कोणत्या जातीच्या मुलांना उघडी होती आणि कोणाला नव्हती हे सगळ्यांना माहितीये. म्हणून तर कोल्हापुरात शाहू महाराजांना १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं काढावी लागली आणि भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ ला सगळ्या जातीची पोरं एका छताखाली ठेवली, एकत्र जेवायला बसवली. पुण्यातली विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ ची, खेड्यातून आलेल्या मुलामुलींना राहायची सोय करणारी, अजून चालू आहे. म्हणजे सरकारी योजना येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी हे केलंय आणि चुका करत, त्या सुधारत केलंय.

आता जरा कुटुंबांकडे येते, कारण बालगृहात जायची वेळच येऊ नये हे त्याहून चांगलं. आपल्याच भागात धुणीभांडी करणाऱ्या, नवरा गेलेल्या किंवा सोडून गेलेल्या बायका आहेत, दोन-दोन मुलं आहेत. राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता सावित्रीबाई फुलेंच्या नावाने आहे, त्यात मुलामागे महिन्याला पूर्वी ११०० मिळायचे, २०२३ ला ते २२५० केले. एक पालक असलेल्या मुलांनाही मिळते, दोन्ही नसले पाहिजेत असं नाही! हे मी इथे मुद्दाम मोठ्याने सांगतेय कारण निम्म्या बायकांना वाटतं ती फक्त अनाथांसाठी आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात, मग गृहचौकशी, मग बाल कल्याण समितीचा आदेश. कागद म्हणजे मृत्यू दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, पासबुक. यातला उत्पन्नाचा दाखला काढायला त्या बाईला एक दिवस कामावर खाडा करावा लागतो, समितीपुढे जायला अजून एक, आणि जिच्या घरी ती काम करते ती खाड्याचे पैसे कापते. ही कापणारी बाई आज इथे बसलेली असू शकते, मी कोणाकडे बघत नाहीये. (हशा) पण त्या दोन दिवसांचे पैसे न कापणं ही मदतच आहे आणि त्यासाठी संस्था रजिस्टर करायला लागत नाही.

आणि ही मदतही अठराला थांबते. तीच बारावी, तेच वय. त्या वर्षी मुलगा म्हणतो आई मी कामाला लागतो, डिलिव्हरीचं काम लगेच मिळतं, गाडी तेवढी हवी. कॉलेज सुटतं ते असं, कोणी सोडायचं ठरवून सोडत नाही.

हेल्पलाईनचंही तेच बघा. १०९८ सगळ्यांना पाठ आहे, पण ती मुलांसाठी, अठराच्या आतल्यांसाठी. एकोणीस वर्षांच्या पोराला रात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी सेवा, मराठीत बोलता येतं, फुकट. कायद्याची अडचण असेल तर १५१००. बायकांना, मुलींना तर मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच आहे ते. घरमालकाने डिपॉझिट अडकवलं, मालकाने पगार बुडवला, यासाठी ही मुलं कधी वकिलाकडे जात नाहीत, त्यांना वाटतं वकील म्हणजे पैसे. हे तीन नंबर लिहून फ्रीजवर लावा, तुमच्यासाठी नाही, विचारायला येणाऱ्यासाठी.

मग आपण काय करायचं. पहिलं, काय करायचं नाही ते सांगते, चालेल ना? नातवाचा वाढदिवस बालगृहात जाऊन साजरा करायचा, केक कापायचा, फोटो काढायचे आणि परत कधी जायचं नाही, हे प्लीज बंद करा. त्या मुलांना आता पाहुण्यांसमोर कोणतं गाणं म्हणायचं ते पाठ झालंय. जुने कपडेही पुरे. बालगृहात मला नेहमी कपड्यांची गाठोडी पडलेली दिसतात आणि सतरा वर्षांच्या मुलांपैकी एकालाही बँकेची स्लिप भरता येत नसते, भाजी विकत कशी घ्यायची माहीत नसते, कारण तिथे सगळं घाऊक येतं. गॅस लावायला भीती वाटते. विजेचं बिल कधी पाहिलेलं नसतं. हे शिकवायला सतरा हे वय योग्य, अठरा नाही.

आमच्या ग्रुपमध्ये आम्ही असं करतो की एका मुलामागे तीन घरं. एकच घर नको, कारण एका घराला जड होतं आणि मग उपकाराची भाषा सुरू होते, शिवाय मूलही त्या घराला बांधलं जातं, आणि मुलींच्या बाबतीत सुरक्षिततेचा विचार करायला हवाच, एकट्या पुरुषाकडे कुठलीच जबाबदारी देत नाही आम्ही, कितीही सज्जन असू दे. तीन घरांची कामं वेगळी. एक घर कागदांचं, म्हणजे आधार, बँक, पॅन, अनाथ प्रमाणपत्र, कॉलेजचे फॉर्म. एक घर पोटाचं आणि दुखण्याचं, रविवारी जेवायला ये, ताप आला तर फोन कर. आणि एक घर कामधंद्याचं, म्हणजे कुठे ओळख असेल तिथे शब्द टाकायचा, मुलाखतीची तयारी, पहिला पगार झाला की त्याचा हिशोब कसा करायचा ते बसून सांगायचं. घरं ठरलेली, बोलायचा दिवस ठरलेला. मुलाने फोन केला नाही तर आपण करायचा. सुरुवातीला मुलं उचलत नाहीत, राग मानायचा नाही, त्यांच्या आयुष्यात येऊन गेलेली खूप माणसं झालीत.

आणि खोलीचं. भाड्याच्या करारावर कायमचा पत्ता विचारतात, मूळ गाव विचारतात, पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर ओळखीच्या दोन माणसांची नावं विचारतात. ही दोन नावं तुम्ही होऊ शकता. खर्च शून्य.

एक चिठ्ठी आलीये. काकांनी लिहिलंय, नाव दिलं आणि पोरगं उद्या काही भानगड करून पळालं तर आम्ही अडकायचं का?

रास्त प्रश्न आहे काका, सगळ्यांच्या मनात असतो. ओळखीचा माणूस म्हणून नाव देणं म्हणजे हमी घेणं नव्हे. फार तर फोन येईल की याला ओळखता का, तुम्ही ओळखत असलात तर हो म्हणायचं. बँकेच्या कर्जाला जामीन मात्र आम्ही कोणालाच राहू देत नाही, मुलाने कितीही गळ घातली तरी. डिपॉझिट लागलं तर तीन घरं मिळून घालतात, तेवढेच, जे बुडाले तर झोप उडणार नाही, आणि वहीत लिहून सही घेतात, हप्ता पाचशेचा का असेना पण ठरवतात. बुडतात का? काही वेळा बुडतात. स्वतःच्या भाच्याला दिलेलेही बुडतात काका, तुम्हाला माहितीये. (हशा) पळालेला मुलगाही बऱ्याचदा वर्षभराने फोन करतो, आणि तेव्हा फोन उचलायचा की नाही एवढंच आपल्याला आधी ठरवून ठेवावं लागतं.

वही मागच्या टेबलावर ठेवलीये. नाव, नंबर, आणि तीनपैकी कुठलं घर व्हायचंय ते लिहा. कागदांच्या घराला माणसं कमी पडतात, बँकेतून आणि तहसीलमधून रिटायर झालेल्यांनी आधी उठा.