नेमणूक पत्रात नसलेलं पान

(शिरोली एमआयडीसी, पहिली पाळी)

भट्टीचं तोंड उघडलं की अख्खी शेड तांबडी होते. लोखंडाचा रस लॅडलमध्ये उतरतो, तिथून वाळूच्या साच्यांत. एकामागून एक साचा, रस थिजायच्या आत. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतलं हे कास्टिंग ट्रॅक्टर-मोटारींच्या इंजिनांपर्यंत जातं.

साच्यापाशी उभा असलेला हा पोरगा यंदाच लागलाय. त्याचं नेमणूक पत्र एका पानाचं. हुद्दा, पगार, पाळी. खाली त्याची एकट्याची सही.

(युनियनचं कार्यालय, लोखंडी कपाट)

आणि ही फाईल, पगारवाढीच्या कराराची. सगळ्यात खाली मागणीपत्र. त्यावर बैठकांची टिपणं, गेटसभेची पत्रकं, पुन्हा बैठका. मूळ पगारात वाढ किती, महागाई भत्ता कसा मोजायचा, रात्रपाळीचं काय... एकेका ओळीसाठी रात्री गेल्यात. शेवटी कामगार खात्याच्या, दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या समेट अधिकाऱ्यासमोर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. हा शिक्का त्या दिवसाचा.

हा शिक्का नीट पाहा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १८ नं इथंच फरक केला होता. मालक आणि युनियननं आपसात केलेला करार फक्त करार करणाऱ्यांना बांधतो. तोच समेटाच्या कामकाजात झाला, तर कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराला लागू. युनियनचा सभासद असो-नसो, आज हजेरीवर असो की पुढं लागणारा असो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हा नियम कायम आहे.

सह्या झाल्या तेव्हा हा पोरगा आयटीआयमध्ये शिकत होता. तरीही करार त्याचा आहे. नेमणूक पत्रात कमी आकडा घालून कराराचा दर चुकवता येत नाही. मुदत संपली म्हणूनही करार आपोआप सुटत नाही. तो मोडायची लेखी नोटीस लागते, आणि त्यानंतरही साठ दिवस तो बांधूनच ठेवतो.

कराराप्रमाणे पगारातला फरक थकला तर एकटा कामगारही वसुलीचा अर्ज करू शकतो. कंत्राटदाराच्या हजेरीवरची माणसं मात्र बहुतेक करारांच्या बाहेरच राहतात.

(पाळी सुटते)

गेटाजवळच्या नोटीस बोर्डावर, काचेआड, कराराची प्रत. पोरगा थांबतो. काचेवर बोट ठेवून आपल्या श्रेणीची ओळ शोधतो.