गेल्या वर्षी मी सायकलवरून कुठे कुठे उतरले

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. वेबसाईटसाठी थोडी काटछाट केलीय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? ठीक.

सेक्रेटरींचा फोन आला की तुम्ही दोघं वर्षभर सायकलवर असता तर त्यावर पंधरा मिनिटं बोला, आणि मी हो म्हणून बसले, मग रात्री विचार करायला लागले की सांगायचं काय. कारण सायकलवाल्यांना लोक एकच प्रश्न विचारतात, किती किलोमीटर झाले? आकडा सांगितला की समोरचा "बापरे" म्हणतो आणि विषय संपतो. आकडा तर ॲपमध्येही असतो, त्यासाठी मला इथे उभं करायची गरज नाही.

पण माझ्याकडे एक छोटी वही आहे, हँडलच्या बॅगेत मावेल एवढी. तिच्यात मी लिहिते की आज सायकलवरून कुठे उतरले आणि का उतरले. सुरुवात खरं तर रागाने झाली. आमचे हे प्रत्येक चढाला मागे वळून विचारायचे, "उतरलीस?" म्हटलं थांब, आता लिहूनच ठेवते. आणि वर्ष संपताना वही चाळली तर गंमत अशी की जिथे उतरले नाही तिथलं काही धड आठवतच नाहीये. गुळगुळीत रस्ते, पाठचा वारा, सत्तर किलोमीटर कसे गेले कळलं नाही, खरंच कळलं नाही, काहीच शिल्लक नाही त्यातलं. तर आज वहीतलंच थोडं वाचून दाखवते.

पहिली नोंद मार्चची. नेदरलँड्स, झीलंड. कारण: वारा.

तिथे समुद्राच्या तोंडाशी एक प्रचंड बांध आहे, ओस्टरस्खेल्डेकेरिंग, नाव एका दमात म्हणता आलं तर राईडला दम पुरेल असं समजा. नऊ किलोमीटर लांब. 1953 च्या पुरात नेदरलँड्समध्ये 1836 माणसं गेली, त्यानंतर जी मोठी कामं काढली त्यातलं हे एक, 1986 ला सुरू झालं. 62 लोखंडी दरवाजे आहेत, एरवी उघडे असतात म्हणजे भरती-ओहोटी चालू राहते, वादळ आलं की बंद. आणि बाजूने सायकलचा रस्ता. आदल्या दिवशी जाताना वारा पाठीवर होता, आम्ही चौघं असे काही उडत गेलो की वहिनी म्हणाल्या, "अहो, हिवाळ्यात जिमला गेल्याचा उपयोग झाला हो!" दुसऱ्या दिवशी परत यायचं होतं. तोच वारा, आता तोंडावर.

यात एक साधं गणित आहे बरं का. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी 15 ने चाललाय आणि समोरून 30 चा वारा आहे म्हणजे अंगाला 45 ची हवा लागते, तिप्पट. अडथळा मात्र नऊपट. त्यामुळे वाऱ्यात थोडं जास्त जोर लावू हे चालत नाही, थोडं जास्त असं काही नसतंच तिथे. आणि चढाला निदान माथा असतो, वाऱ्याला माथा नाही. मी अर्ध्या बांधावर उतरले आणि सायकल हाताने ढकलायला लागले तर सामानासकट ती कठड्याकडे जायला बघतेय, म्हणजे उतरूनही सुटका नाही. वहिनी जिमबद्दल काही बोलल्या नाहीत.

नंतर कळलं की याच बांधावर डच लोक समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची चॅम्पियनशिप घेतात. साडेआठ किलोमीटर, साधी उभ्या बैठकीची सायकल, गियर नाही, आणि वारा पुरेसा जोरात असेल तरच स्पर्धा होते. 2013 पासून चालू आहे. काय बोलणार!

बाकी तिथे रस्ता शोधायला नकाशा लागत नाही, प्रत्येक सायकल-चौकाला नंबर असतो, आपण सकाळी 23, 41, 8, 67 असं चिकटपट्टीवर लिहून सायकलच्या दांड्याला लावायचं आणि नंबर बघत जायचं. ही पद्धत मूळची बेल्जियमची, लिम्बर्ग प्रांतात 1995 मध्ये सुरू झाली, आणि ती सुचली एका खाणीतल्या इंजिनिअरला, कारण कोळशाच्या खाणीत जमिनीखाली बोगद्यांचे फाटे असेच नंबरांवर चालतात. मला हे फार आवडलं.

मे महिना. 200 किलोमीटरची ब्रेवे. कारण: पंक्चर. पुढची ओळ, कारण: पंक्चर.

ब्रेवे म्हणजे शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत, फक्त वेळेत पोचायचं. 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. वाटेत कंट्रोलवर, म्हणजे ठरवून दिलेल्या थांब्यांवर, कार्डावर शिक्का घ्यायचा, मदत वगैरे आपली आपणच. तर 140 पर्यंत सगळं झकास आणि मग मागचं चाक जड जड वाटायला लागलं, म्हटलं मीच दमलेय. खाली बघते तर टायर बसलेलं. ट्यूब बदलली, हवा भरली, मोठ्या रुबाबात निघाले, चार किलोमीटरवर पुन्हा फुस्स. आता माझ्याकडे दुसरी ट्यूब नाही. नवरा एव्हाना बराच पुढे. मागून एक गृहस्थ आले, साठी ओलांडलेले, त्यांनी न बोलता स्वतःची ट्यूब काढून दिली पण लगेच बसवू दिली नाही. आधी माझ्या फाटक्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक कानाशी धरून शोधलं, ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघितलं, आणि टायरच्या तेवढ्याच अंतरावर आतून बोट फिरवलं. तार! केसाएवढी, स्टीलची. ट्रकचे टायर फुटतात ना, त्यातल्या तारा रस्त्यावर पडतात, त्यातली. पहिल्या वेळी मी घाईत टायर आतून बघितलंच नव्हतं आणि नवी ट्यूब थेट त्या तारेवर नेऊन बसवली होती. आणि टायरवरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हशी आणून का बसवतात तेही त्या दिवशी कळलं, ट्यूब बाहेर काढल्यावरही कुठली जागा कुठे होती ते जुळवता येतं म्हणून. इतकी वर्षं मला वाटायचं दिसायला बरं दिसतं म्हणून करतात.

13 तास 11 मिनिटांत पोचले. एकोणीस मिनिटं हातात. आता आमच्या ह्यांचा डोळा पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसवर आहे, 1200 किलोमीटर, 90 तासांत, 1891 पासूनची परंपरा, चार वर्षांनी एकदा असते आणि पुढची 2027 ला. मी सांगितलंय, तू जा, मी मागे गाडीत झोपून येते.

जुलै. डॅन्यूब नदीच्या काठाने, जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्यापैकी कुणालाही, अगदी पहिल्यांदा टूर करणाऱ्यालाही, ही जमेल. सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर, आम्ही सहा दिवस घेतले. आणि सगळ्या रस्त्यात नदी मिळून दीडशे मीटरच्या आसपास खाली उतरते, म्हणजे उतार आहे पण डोळ्याला दिसत नाही, पायांना मात्र कळतो.

पासाऊला तीन नद्या भेटतात, डॅन्यूब, इन आणि इल्झ. इन डोंगरातलं बर्फाचं पाणी घेऊन येते म्हणून दुधाळ हिरवी, इल्झ दलदलीच्या जंगलातून येते म्हणून काळपट, आणि बराच वेळ हे रंग एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारी शेजारी वाहतात. टाऊन हॉलच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत, वर्षांसकट. 2013 ची खूण बघायला मान मागे टाकावी लागते, 12.89 मीटर. त्याच्या वर फक्त 1501 ची. अजून सायकलवर बसलोही नव्हतो आणि वहीत या टूरची पहिली नोंद झाली.

पुढे श्लोगेनला नदी अक्षरशः उलटी वळते, आली तिकडेच परत जायला निघते, आणि डाव्या काठाला कडा थेट पाण्यात उतरल्यामुळे सायकलचा रस्ता तुटतो. मग छोटी फेरीबोट. बोटवाल्याने आमच्या चार सायकली एका हाताने उचलून एकमेकींना अशा टेकवल्या की एकीचं पेडल दुसरीच्या स्पोकमध्ये गेलं नाही, आम्हाला घरच्या गॅरेजमध्ये हे अजून जमलेलं नाही. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. नुसतं ते वळण बघत होतो.

लिंट्झच्या पुढे माउटहाउझेन. सायकलचा रस्ता खालून नदीकाठाने छान सावलीत जातो आणि वर टेकडीवर नाझींची छळछावणी होती, 1938 ते 1945. आमच्यात वाद झाला की जायचं का, सुट्टीत कशाला, चढही खडा आहे. गेलो. मी सायकल ढकलत गेले. ग्रॅनाईटची खाण आहे तिथे आणि खाणीतून वर यायला 186 पायऱ्या, कैद्यांना पाठीवर दगड घेऊन त्या चढायला लावायचे. सुमारे 1 लाख 90 हजार लोकांना माउटहाउझेन आणि तिच्या उपछावण्यांमध्ये कोंडलं, त्यातले किमान 90 हजार मेले. वर उभं राहिलं की खाली डॅन्यूबचं खोरं दिसतं, हिरवंगार. खाली येऊन त्या दिवशी आम्ही दहाच किलोमीटर गेलो आणि थांबलो. वहीत नाव आहे, कारणाची जागा तशीच रिकामी आहे.

मेल्कचा पिवळा मठ मोठा आहे, सुंदर आहे, गर्दीही मोठी आहे, पुढे चला. त्यानंतरचं वाखाऊचं खोरं मात्र हळू चालवा. तिथे विलेनडॉर्फ नावाचं गाव लागतं, आणि आम्ही ते पार करून पुढे गेलो होतो, मग मलाच आठवलं म्हणून सगळ्यांना परत आणलं, शिव्या खाल्ल्या. 1908 मध्ये रेल्वेचं काम चालू असताना तिथे एक दगडी मूर्ती सापडली, बाईची, जेमतेम 11 सेंटीमीटर, आणि वय सुमारे 30 हजार वर्षं. खरी मूर्ती व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, ती आम्ही शेवटच्या दिवशी बघितली. माझ्या हातपंपापेक्षा लहान आहे हो ती!

ऑगस्ट. स्टेल्व्हिओ, इटली. कारणं: बरीच.

हा घाट 1825 च्या सुमाराला पुरा झाला, म्हणजे सायकल हा प्रकारच धड जन्माला यायच्या आधी. प्रातो गावातून चढायला लागलं की 25 एक किलोमीटर आणि 1800 मीटरहून जास्त चढ, माथा 2757 मीटरवर. 48 वळणं, प्रत्येकाला नंबरची पाटी, आणि नंबर उलटे, खाली 48 आणि वर 1. हे ज्याने ठरवलं तो एक तर फार दयाळू असेल नाहीतर फार दुष्ट. गंमत म्हणजे पहिले कितीतरी किलोमीटर वळणच येत नाही, तुम्ही आधीच घामाघूम आणि मग 48 ची पाटी दिसते. 1953 ला जिरो, म्हणजे इटलीची मोठी सायकल शर्यत, पहिल्यांदा इथून गेली आणि फाउस्तो कोप्पी या इटालियन सायकलपटूने तिथेच शर्यत फिरवली, हे मला नवऱ्याने 41 नंबरपर्यंत सांगितलं, नंतर त्याचाही आवाज बंद झाला.

मी 31 ला उतरले, 22 ला उतरले, 17 ला उतरले. वेग ताशी सहा. त्याच्या खाली गेलं की सायकल तोल सोडते, म्हणून जोर लावायचा, आणि जोर लावला की दम नाही, हवा विरळ झालेली. 17 ला वरून आवाज, "उतरलीस?" म्हटलं, "लिहिलं!" आणि मग 9 नंबरच्या वळणावर काय बघते, आमचे हे कठड्यावर बसलेत, पोटरीत गोळा आलेला, सायकल आडवी. मी थांबले नाही. शेजारून जाताना तेवढं विचारलं, "उतरलास?"

नऊची पाटी मी वहीत त्याच्या नावावर घातलीय. ते पान फाड म्हणून तो अजून मागे लागलाय.

आता या एप्रिलमध्ये मंडळाची पहिली राईड ठेवतोय, 25 किलोमीटर, सपाट, मुलं आली तरी चालतील. नावं बाहेर टेबलावर वहिनींकडे द्या. हेल्मेट हवं, सीटची उंची आधी बघून घ्या, आणि ट्यूब आपापल्या मापाच्या दोन आणा. एक तुमच्यासाठी, एक मागून येणाऱ्यासाठी.