ऑनलाइन स्कॅनमध्ये काहीच निघालं नाही? मग हे ऐका

राम राम मंडळी! मागच्या व्हिडिओखाली जळगाव, धुळे, नंदुरबार, सगळीकडून एकच प्रश्न आलाय: "भाऊ, ऑनलाइन स्कॅनमध्ये काहीच निघालं नाही. आते काय करानं?" आज त्यावरच बोलू.

हा स्कॅन म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणं, ते कसं होतं झटकन सांगतो. स्कॅनर तुमच्या आयपीवरचे, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यावरचे, पोर्ट (आत-बाहेर जायची दारं) तपासतो, कोणतं सॉफ्टवेअर चालू आहे ते बघतो, माहीत असलेल्या त्रुटींच्या यादीशी ताडतो आणि सापडलेल्या प्रत्येक त्रुटीला ० ते १० मध्ये गुण देतो. ९ किंवा जास्त म्हणजे अतिगंभीर. झालं.

आता महत्त्वाचं. वेबसाइटवर आयपी टाकून केलेला स्कॅन बाहेरून होतो. त्याला राउटर दिसतो, राउटरमागचे कॉम्प्युटर दिसत नाहीत.

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या शेठजींनी मला असाच रिपोर्ट दाखवला, त्रुटी एकही नाही. त्यांची परवानगी घेऊन मी लॅपटॉप त्यांच्याच नेटवर्क स्विचला लावला आणि आतून ओपनव्हास हा स्कॅनर चालवला. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७, फाइल शेअरिंगचा ४४५ पोर्ट उघडा, मायक्रोसॉफ्टचा एमएस१७-०१० हा पॅच (त्रुटीची दुरुस्ती) बसवलेला नाही! मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, ह्याच त्रुटीतून जगभर पसरला, आणि पॅच मार्चमध्येच आलेला होता. त्याच नेटवर्कवर त्यांचा टॅलीचा सगळा डेटा. ऑफिसात कुणी ईमेलमधली एक चुकीची फाइल उघडली, की हल्ला आतूनच सुरू होतो.

दुसरं. पुष्कळ ब्रॉडबँड लाइनींना स्वतःचा पब्लिक, म्हणजे बाहेरून दिसणारा, आयपी नसतो, एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. मग तुम्ही स्कॅन केलं ते इंटरनेट देणाऱ्याचं उपकरण. रिपोर्ट कोरा येणारच! शिवाय दुसऱ्याचं उपकरण विनापरवानगी तपासायचंही नसतं.

तिसरं. आतून स्कॅन केला, पण लॉगिन दिलं नाही, तरी काम अर्धंच. कोणता पॅच बसलाय, कोणता राहिलाय, हे स्कॅनरला कॉम्प्युटरच्या आत शिरूनच नीट कळतं. स्कॅनसाठी वेगळं खातं बनवा, काम झालं की बंद करा.

फुकटच्या वेबसाइटवरून पीडीएफ काढून "ऑडिट झालं" म्हणत व्यापाऱ्यांकडून पैसे घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. समोरचा माणूस विश्वासानं निर्धास्त होतो हो!

पण म्हणून बाहेरचा स्कॅन सोडून देऊ नका. घरून टॅली बघायला कुणीतरी ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचा) उघडून ठेवलेला असतो, तो बाहेरूनच सापडतो. तो बंद करा, व्हीपीएन (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट) लावा.

भुसावळच्या एका ताईंनी विचारलंय, आतला स्कॅन चालू असताना प्रिंटरमधून भलतीच अक्षरं छापलेली पानं का निघाली? ताई, बरेच नेटवर्क प्रिंटर ९१०० पोर्टवर जे येईल ते छापतात. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचे आयपी वगळा, स्कॅन संध्याकाळी काम आटोपल्यावर लावा. आणि जाताना कॉम्प्युटर चालू ठेवायला सांगा सगळ्यांना, बंद मशीन स्कॅनमध्ये येतच नाही.