हार्वर्डचे पुस्तक कोठे मिळेल?

(संशोधक विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेतील व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि संशोधक मित्रहो, प्रबंधासाठी योग्य संदर्भशैली कशी निवडावी, हा आजचा जाहीर विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक जुनी तक्रार मांडू द्यावी, कारण ती ऐकून घ्यायला घरची मंडळी आता तयार नाहीत.

एका विद्यापीठाच्या प्रबंधविषयक नियमावलीत ‘संदर्भ हार्वर्ड पद्धतीने द्यावेत’ एवढे एकच वाक्य होते. माझ्या एका विद्यार्थिनीने ते प्रमाण मानून ग्रंथालयात हार्वर्डचे पुस्तक मागितले. ग्रंथपालांनी कपाटे धुंडाळली. पुस्तक मिळाले नाही, कारण सर्वांनी प्रमाण मानावे असे हार्वर्डचे एक अधिकृत पुस्तक अस्तित्वातच नाही. लेखकाचे नाव आणि साल मजकुरातच कंसात देण्याच्या या रीतीचा उगम हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१च्या निबंधाकडे नेला जातो. तो निबंध होता शंख नसलेल्या गोगलगायीच्या अंड्यांवर. (संदर्भसूचीचे काम इतक्या संथ गतीने का चालते, याचा उलगडा येथे व्हावा.) पुढे रीत जगभर पसरली आणि प्रत्येक विद्यापीठाने तिला आपापले वळण दिले. परिणामी आमच्या विद्यार्थिनीला एका परीक्षकांनी सूचीतील सालाला कंस घालायला सांगितले आणि दुसऱ्यांनी ते काढायला सांगितले. दोघांचेही म्हणणे ‘हार्वर्ड’ला धरूनच होते.

माझे म्हणणे असे की, शैलीचे नाव सांगून भागत नाही. पुस्तक आणि आवृत्ती सांगावी लागते. एपीएचे, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे, संदर्भनियम १९२९ मध्ये एका मानसशास्त्रीय नियतकालिकात सात पानांत मावले होते. २०१९च्या सातव्या आवृत्तीला चारशेहून अधिक पाने लागली. ‘शिकागो’ म्हणणेही अपुरेच, कारण ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या एकाच ग्रंथात तळटिपांची एक आणि लेखक-सालाची एक अशा दोन पद्धती आहेत. २०२४च्या अठराव्या आवृत्तीने तर १९०० नंतरच्या पुस्तकांसाठी प्रकाशनस्थळाची अट काढून टाकली. एपीए आणि एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन, म्हणजे भाषा-साहित्याच्या अभ्यासकांची शैली) यांनी ती आधीच सोडली होती. पुण्या-मुंबईच्या, आता बंद पडलेल्या छोट्या प्रकाशनांवर काम करणाऱ्याने मात्र गाव लिहीत जावे, असे मला अजूनही वाटते.

आद्याक्षरांचे दुखणे त्याहून मोठे आहे. एपीए लेखकाचे पहिले नाव आद्याक्षरापुरते ठेवते, एमएलए ते पूर्ण लिहिते. मराठी सूचीत ‘कुलकर्णी, अ.’ म्हणजे अनंत, अरुण, अशोक की अंजली? वाचकाने ओळखायचे तरी कसे? त्यात जुन्या पुस्तकावर फक्त शकवर्ष असते. शके १८०७ म्हणजे १८८५ की १८८६, हे महिना कळल्याशिवाय ठरत नाही. म्हणून शक मूळचाच ठेवून पुढे कंसात १८८५-८६ असे द्यावे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय झपाट्याने सांगतो. प्रथम विद्यापीठाचा नियम पाहा, नंतर विभागाचा. लेख पाठवायचा असेल तर त्या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना या दोहोंपेक्षा वरचढ समजा. नियम मोघम असेल तर मार्गदर्शकांकडून आवृत्तीसह लेखी उत्तर घ्या आणि आपल्याच विभागात अलीकडे मान्य झालेले प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, उघडून पाहा. निवड खरोखरच तुमच्या हाती असेल, तर तुमचा वाचक आधी काय शोधतो ते विचारा. संशोधन किती ताजे आहे हे पाहणाऱ्या समाजशास्त्रांना साल लागते, म्हणून एपीए. कवितेची ओळ पडताळणाऱ्याला पान लागते, म्हणून एमएलए. दप्तरे आणि पत्रव्यवहार वापरणाऱ्या इतिहासकाराला ऐसपैस तळटीप लागते, म्हणून शिकागोची पहिली पद्धत. वैद्यकात क्रमांक देणारी व्हँकुव्हर. मराठी आणि इंग्रजी ग्रंथांची सूची एकत्र की वेगळी, हे पहिल्या प्रकरणाआधीच ठरवा. संदर्भ साठवून सूची तयार करून देणारी झोटेरोसारखी मोफत संगणकीय साधने जरूर वापरा, पण त्यातली प्रत्येक मराठी नोंद पुस्तकाच्या मुखपृष्ठामागील पानाशी ताडून घ्या. मार्गदर्शिका जेथे गप्प आहे, उदाहरणार्थ टोपणनाव की मूळ नाव, तेथे एकदा निर्णय घेऊन तो प्रबंधाच्या आरंभी टीप देऊन नोंदवा, म्हणजे परीक्षकांना कंसांवरून वाद घालायला निदान तेवढी जागा कमी उरेल.